आमखेडीचे त्रेपन्न डेसिबल

जीवराम नामदेव फिरके सावद्याचे. उंची बेताची आणि बोलणं त्याहून बेताचं. ज्या वयात बाकीची माणसं घरात बसून सगळ्यांना ओरडून काही ना काही सांगू लागतात, त्या वयात, म्हणजे अठ्ठावन्नाव्या वर्षी, त्यांना एका यंत्राशेजारी तासभर न खोकता उभं राहण्याचं काम मिळालं. कामाला ते अगदी योग्य होते.

त्याआधी बावीस वर्षं ते महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकावर होते. रोज सकाळी आठला जायचं, नरसाळं उचलायचं, साठलेलं पाणी काचेच्या मापात ओतायचं आणि वाकून, डोळा पाण्याच्या रेषेला आणून आकडा वाचायचा. चोवीस तासांत पासष्ट मिलिमीटर पडला तर सरकार त्याला अतिवृष्टी म्हणतं. चौसष्टला नुसता पाऊस म्हणतं. एका जुलैत सगळ्या मंडळातली केळी आडवी झाली, त्यात फिरक्यांची स्वतःची दीड हजार खोडं होती. सकाळी मापात चौसष्ट पूर्णांक दोन आले. त्यांनी चौसष्ट पूर्णांक दोन लिहिले.

बेबाबाई, म्हणजे त्यांची बायको, चार दिवस बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी म्हणाल्या, "वाकून पाहता त्यापेक्षा उभ्यानं पाहिलं असतं, तरी पासष्ट दिसले असते."

"दिसले असते," जीवराम म्हणाले. "पडले नसते."

पुढे तिथे आपोआप मोजणारं यंत्र बसलं आणि जीवरामांना मोकळं करण्यात आलं. त्यांच्या आकड्यांबद्दल तक्रार करायची सगळ्यांची इच्छा होती. जागा मात्र कुणाला सापडली नव्हती.

आवाजाचं काम जळगावच्या एका सल्लागार कंपनीचं होतं. जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांत कुठे किती आवाज असतो, याचा नकाशा करायचा होता. सगळीकडे जाऊन मोजणं शक्य नाही. म्हणून दोन्ही जिल्ह्यांचे दोन-दोन किलोमीटरचे चौकोन पाडले. ते झाले पावणेपाच हजार. त्यातल्या ब्याण्णव ठिकाणी माणूस जाऊन मोजणार आणि उरलेल्या चौकोनांचा अंदाज संगणक बांधणार. त्यासाठी त्याला रस्ते, रेल्वे, वस्ती, पिकं, चढउतार हे सगळं दिलेलं होतं. मोजलेल्या ब्याण्णव ठिकाणांवरून तो शिकायचा, की असा रस्ता, अशी टेकडी, असं पीक असलं की आवाज साधारण एवढा असतो, आणि मग न पाहिलेल्या गावांना आकडे वाटायचा. न पाहिलेल्या गावांबद्दल खात्रीनं बोलणारी माणसं आपल्याकडे पुष्कळ आहेत. संगणक निदान आपला अंदाज किती चुकू शकतो तेही लिहायचा.

नकाशा हवा होता तो नवे कारखाने कुठे बसू द्यायचे हे ठरवायला. नियम सोपा होता. ज्या चौकोनाचा आकडा पंचेचाळीस डेसिबलच्या खाली, तो शांत चौकोन, तिथे सरकी काढायचं जिनिंग, खडीचा क्रशर वगैरे काही नाही. पंचेचाळीसच्या वर असेल तर अर्ज करावा.

मोजायचा होता तोही सरसकट आवाज नव्हे, तळाचा आवाज. मोटारसायकल गेली, कुत्रं भुंकलं, कुणी कुणाला हाक मारली, हे सगळं वरचं. ते येतं-जातं. ते थांबल्यावर गावाच्या बुडाशी जो आवाज उरतो तो तळ. यंत्र तासभर ऐकायचं आणि त्या तासातली सगळ्यांत शांत सहा मिनिटं, सलग असोत की सांडलेली, निवडून काढायचं. त्या सहा मिनिटांत आवाज ज्या आकड्याच्या वर गेला नाही, तो त्या गावाचा आकडा.

जीवरामांच्या वाट्याला अडतीस ठिकाणं आली. त्यातलं एक आमखेडी.

दोंडाईच्याहून सात किलोमीटरवर, टेकडीच्या आड, खोलगटात बसलेलं हे गाव. जीवराम ऑक्टोबरात तिथे पोहोचले तेव्हा आठवडाच झाला होता तलाठ्याला येऊन. अवकाळी पावसानं कापूस काळा पडला होता आणि पंचनामे चालू होते. अशा वेळी गावात कुणी बाहेरचा माणूस वही आणि यंत्र घेऊन आला, तर तो काय मोजायला आला हे विचारायची पद्धत नाही. किती यायला पाहिजे एवढंच विचारतात.

"नाना, कितलं येवाले पाहिजे?" सरपंच लोटन बोरसे यांनी विचारलं.

"जितकं असेल तितकं," जीवराम म्हणाले.

लोटन बोरसे अनुभवी होते. सरकारी माणूस स्पष्ट बोलत नाही, हे त्यांना माहीत होतं. दहा मिनिटांत समाजमंदिराच्या पटांगणाभोवती तीन ट्रॅक्टर येऊन उभे राहिले आणि त्यांची इंजिनं कुणी बंद केली नाहीत. पलीकडे दोन डिझेल इंजिनं धडधडू लागली. तास संपेपर्यंत यातलं काहीही सहा मिनिटं तर सोडाच, सहा सेकंदही थांबलं नाही. आकडा आला त्रेपन्न पूर्णांक चार.

जीवरामांनी तो लिहिला. शेजारच्या शेऱ्याच्या रकान्यात, सवयीनं, जे दिसलं तेही लिहिलं: 'तीन ट्रॅक्टर उभे, इंजिन चालू, वर माणूस नाही. दोन डिझेल इंजिनं चालू, पाणी कुठे जातं ते दिसलं नाही.' मग चहा घेतला आणि दोंडाईच्याहून भुसावळची गाडी पकडली.

शेऱ्याचा रकाना संगणकात भरायची सोय नव्हती.

जानेवारीतल्या एका शुक्रवारी त्यांना फोन आला.

"जीवराम फिरके तुम्हीच का? आमखेडीला त्रेपन्न तुम्ही दिले?"

"दिले नाहीत. आले. कोण बोलतंय?"

"मोहिनी देवरे. समाजमंदिरात मी मुलांचा वर्ग घेते. तुम्ही यंत्र लावलं होतं ना, त्याच्या मागची खोली."

दिवाळीच्या आगेमागे तिथे कुलूप होतं, एवढं जीवरामांना आठवलं. बाईंनी मग सगळं सांगितलं, न थांबता, ज्या माणसानं आपलं बोलणं आधीच चार कार्यालयांत सांगून झालेलं असतं त्याच्या वेगानं. वर्गात अकरा मुलं आहेत, पाच गावांतली. सगळ्यांना जन्मापासून ऐकू कमी येतं. कानात मशीन आहे. मोहिनीबाई त्यांना ऐकायला आणि बोलायला शिकवतात. हे शिकण्याचं वय सातच्या आत असतं, नंतर जीभ वळत नाही. आणि कानातली मशीन आवाज निवडत नाही. ती बाईंचं बोलणं जेवढं मोठं करते, तेवढीच शेजारची घरघरही मोठी करते. समाजमंदिरामागच्या गटात गौतमचंद शेठ जिनिंग टाकतायत. नकाशात चौकोन त्रेपन्नचा आहे, म्हणून अर्ज मंजुरीच्या वाटेवर आहे. मंगळवारी धुळ्याला सुनावणी आहे.

"वर्ग दोंडाईच्याला नाही हलवता येणार?" जीवरामांनी विचारलं.

"अकरातली आठ मुलं आईच्या कडेवर नाहीतर पायी येतात. दोंडाईच्याला तीन येतील. आठ मुकी राहतील." मग बाईंनी विचारलं, "भाऊ, खरं सांगा. आमखेडीत त्रेपन्न आवाज आहे?"

जीवरामांनी वही काढली. शेरा वाचला. तो त्यांच्याच अक्षरात होता, त्यामुळे दुसऱ्या कुणाला दोष देण्याची सोय नव्हती.

त्यांनी जळगावला मयुरीला फोन लावला. नकाशाचं संगणकातलं काम ही मुलगी बघायची. सत्ताविशीतली, रावेरची, हिशेबी आणि स्पष्ट.

"काका, तुमच्या त्या एका आकड्यावरून मॉडेल शिकलंय," ती म्हणाली. "टेकडीआडची, रेल्वेपासून लांब, कापसाची जेवढी गावं आहेत, ती सगळी आवाजाची आहेत, असं. तशा जातीचा मोजलेला तुमचा तेवढाच एक बिंदू होता. मला तेव्हाच वाटलं होतं की हा जरा वर दिसतोय. पण तुमचा आकडा आहे म्हटल्यावर मी शंका नाही घेतली."

"मी शेरा लिहिला होता."

"काका, मॉडेलला शेरा कळत नाही."

"मला कळायला पाहिजे होता ना. विचारायला पाहिजे होतं, ट्रॅक्टर कशाला चालू आहेत म्हणून." त्यांचं बोट शेऱ्याच्या ओळीवर होतं. "पावसाचं काम केलेलं. पावसाला कधी विचारावं लागलं नाही."

मयुरीनं नियम वाचून दाखवला. मोजलेला आकडा रद्द करता येतो, पण ज्यानं मोजला त्यानंच लेखी द्यायचं, की माझी मोजणी सदोष होती. तेही उद्या शनिवारी पाचच्या आत. त्यानंतर नवी मोजणी एकदाच, सोमवारी, दहा ते बाराच्या दरम्यानचा एक पूर्ण तास. अर्जदाराला कळवायचं, तो हजर राहू शकतो. नवी मोजणी ग्राह्य धरली गेली नाही तर चौकोनाला आजूबाजूवरून अंदाज लावणार.

"आजूबाजूचा अंदाज किती येतो?"

"एक्कावन्न. तुमच्याच त्रेपन्नवरून आलेला." मयुरी घुटमळली. "आणि काका, तुम्ही एक सदोष म्हणून सही केली, की बाकीच्या सदतीसवर कोणीही बोट ठेवेल. ते काम जाईल तुमचं."

जीवरामांनी शनिवारी दुपारी सही करून कागद पाठवला. नवा आकडा काय येईल हे त्यांना माहीत नव्हतं. बेबाबाईंनी कागद वाचला आणि या वेळी मात्र बोलणं बंद केलं नाही. एवढंच म्हणाल्या, "डबा किती वाजता लागेल?"

सोमवारी साडेनऊला ते आमखेडीत उतरले आणि त्यांना पहिल्यांदा वाटलं, आपण चुकीच्या गावी आलो.

गावात आवाज नव्हता. म्हणजे कमी नव्हता, नव्हताच. पिठाची गिरणी बंद. कोंबड्या डालग्याखाली आणि डालग्यावर गोधड्या. कुत्री एका म्हाताऱ्याबरोबर शिवारात पाठवलेली. बाया ओट्यावर हात बांधून बसलेल्या. समाजमंदिराच्या दाराशी लोटन बोरसे उभे होते. ते कुजबुजत म्हणाले, "नाना, मागला टाईमले आमनी चूक व्हयनी. पंचनामा शे असं वाटनं, जितला आवाज तितली भरपाई. आते देखा. बठ्ठं गाव बंद करी टाकं."

आत वर्गात अकरा मुलं ओठांवर बोट ठेवून बसली होती. ज्यांना बोलतं करण्यात तीन वर्षं गेली, त्यांना त्या सकाळी गप्प बसण्याचं शिक्षण चाललं होतं, आणि त्यात त्यांची प्रगती चांगली होती.

जीवरामांनी स्टँड उभा केला, वर मीटर बसवला, मीटरच्या तोंडावर स्पंजचा काळा गोळा चढवला. पडद्यावर आकडा आला. एकतीस. त्यांनी नोंदीचं बटण दाबलं नाही.

"हे मी मोजणार नाही," ते म्हणाले.

मोहिनीबाई बाहेर आल्या. चौतिशीच्या, सडपातळ, डोळ्यांखाली चार रात्रींची काळी वर्तुळं. "का? एकतीस आहे. पंचेचाळीसच्या खाली आहे."

"बंद गावाचे आहेत. मला चालू गाव पाहिजे."

"ऑक्टोबरात उभी इंजिनं मोजलीत," त्यांचा आवाज चिरकला, "आणि आज शांतता मोजता येत नाही?"

"ती मोजली तेच चुकलं ना, ताई."

"अकरा मुलांसाठी एकदा चुकलात तर काय बिघडेल?"

जीवरामांच्या हातातली वही एकदा मिटली आणि पुन्हा उघडली गेली.

तेवढ्यात पांढरी गाडी येऊन निंबाखाली थांबली. गौतमचंद शेठ उतरले. दोंडाईच्यात धान्याचा आणि कापसाचा तिसऱ्या पिढीचा व्यापार. कपडे पांढरे, वागणं मऊ. त्यांनी गावाकडे नजर फिरवली, डालग्यावरच्या गोधड्या पाहिल्या.

"लोटनभाऊ, गावात कोणी गेलं का?" त्यांनी हळहळून विचारलं.

लोटन बोरसे खाली बघू लागले.

"जीवरामभाऊ, मी काही बोलत नाही," शेठ म्हणाले. "फक्त लिहून घेतो. गिरणी बंद, कोंबड्या झाकलेल्या, शाळा मुकी. उद्या साहेबांनी विचारलं तर सांगायला पाहिजे ना. ही मोजणी टिकायची नाही, आणि मग एक्कावन्न. तुम्हाला माहीतच आहे."

दहा वाजून पस्तीस मिनिटं झाली होती. पूर्ण तास हवा, म्हणजे अकरापर्यंत सुरू करायला हवं.

"आबा," जीवराम लोटन बोरश्यांना म्हणाले, "गाव सोडा. रोज या वेळेला जे चालतं ते चालू द्या. कमी नको, जास्त नको."

आणि तिथेच सगळं अडलं. गावाला गाजावाजा करता येत होता, गप्प बसता येत होतं. रोजच्यासारखं वागणं मात्र कुणाला जमेना. गिरणीवाल्यानं गिरणी चालू केली आणि दारात येऊन लांबूनच मीटरच्या दिशेनं बघत उभा राहिला. डालगी उचलली, पण कोंबड्या काळोख संपल्याच्या धक्क्यानं जागच्या हलेनात. एक म्हातारी ओट्यावरून म्हणाली, "रोज या वखतले मी काय करस, माले काय माहीत, भो?" दोघंजण मोठमोठ्यानं हवापाण्याच्या गप्पा मारू लागले. ते एकमेकांशी दोन वर्षं बोलत नव्हते.

दहा पन्नास. शेठ घड्याळाकडे बघत होते. मोहिनीबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. जीवरामांनी नोंदीच्या बटणावर बोट ठेवलं आणि उचललं.

दहा सत्तावन्नला नळाला पाणी आलं.

आमखेडीत पाणी तीन दिवसांआड यायचं. या सगळ्या धांदलीत सोमवार पाण्याचा आहे हेच गाव विसरलं होतं. कुणीतरी ओरडलं, आणि एका क्षणात मीटर, जिनिंग, सुनावणी, सगळं पुसलं गेलं. ओट्यावरच्या बाया उठल्या. हंडे, ड्रम, बादल्या, नळ्या. हवापाण्याच्या गप्पा मारणारे दोघे नळीवरून भांडू लागले, म्हणजे तेही पूर्वपदावर आले. गिरणीवाला आत गेला. जीवरामांनी अकराला बटण दाबलं.

आता गाव रोजचं होतं. तीच अडचण होती.

मीटरवर अठ्ठावन्न. बासष्ट. हंडा आपटला की सत्तर. आत वर्गातल्या मुलांना बोलायची परवानगी मिळाली होती, आणि तासाभराची कोंडी ती भरून काढत होती. ज्या मुलाला स्वतःचा आवाज नीट ऐकू येत नाही, तो आवाज हळू काढत नाही. "मा!" "पा!" "पानी!"

"भाऊ," शेठ हळूच म्हणाले, "पोरांचा आवाजही धरला जातो ना?"

"धरला जातो."

"मग ठीक."

हे मोहिनीबाईंनी ऐकलं. त्या खाली उतरून आल्या. "भाऊ, मी वर्ग सोडू का?"

"रोज या वेळेला सोडता?"

"नाही."

"मग मला विचारू नका, ताई."

मुलांचा आवाज धरला जात होता हे खरं. पण त्यानं आकडा ठरत नव्हता. तासभरात सगळी मिळून सहा मिनिटं शांत मिळाली, तर हंडे, भांडण, मुलं, सगळं वरचं म्हणून निघून जाणार होतं. नाही मिळाली, तर तळच वर येणार होता. हे तिथे फक्त जीवरामांना माहीत होतं. शेठना माहीत नव्हतं. बाईंनाही नाही. आणि त्यांनी सांगितलं असतं की ताई, सहा मिनिटं मुलं गप्प ठेवा, तर ती सहा मिनिटं गावाची राहिली नसती, त्यांची झाली असती.

ते गप्प उभे राहिले. आकडा पंचेचाळीसच्या खाली गेला की मनात सेकंद मोजत राहिले. अकरा वाजून अडतीस मिनिटांनी पाणी गेलं, तोवर सगळे मिळून दीड मिनिटही झालं नव्हतं.

हंडे घरोघर गेले. गिरणी एकसुरात चालू होती, पण ती गावाच्या दुसऱ्या टोकाला. आता उरला फक्त वर्ग. आत मुलं थांबत नव्हती. अकरा चाळीस. अकरा त्रेचाळीस. जीवरामांच्या कपाळावरून जानेवारीत घाम उतरला, आणि पुसताना कापडाचा आवाज होईल म्हणून त्यांनी तो पुसला नाही.

मोहिनीबाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर काही वाचता आलं नाही, तेव्हा त्या वळल्या आणि रोज या वेळेला जे करतात ते करू लागल्या, कारण दुसरं काही सुचण्यासारखं उरलं नव्हतं. त्यांनी मुलांना पाठमोरं बसवलं. प्रत्येकापुढे एक वाटी आणि मूठभर चिंचोके. हा ऐकण्याचा खेळ होता. बाई मागे उभ्या राहून कधी हलकेच टिचकी वाजवत, कधी कुजबुजत एखादं अक्षर म्हणत, कधी बराच वेळ काहीच करत नसत. ज्याला ऐकू आलं त्यानं वाटीत एक चिंचोका टाकायचा. खेळाला एकच अट होती. वाट बघताना कुणी बोलायचं नाही.

मीटर उतरू लागला. अठ्ठेचाळीस. त्रेचाळीस. बेचाळीस.

पहिल्या बाकावर मंजू नावाची पाच वर्षांची मुलगी होती. तिचा हात वाटीवर थांबलेला. मागून कुजबुज झाली. हात हलला नाही. पुन्हा झाली. एक चिंचोका पडला. बेचाळीस, क्षणभर सत्तेचाळीस, पुन्हा बेचाळीस.

जीवराम मोजत होते. दोन मिनिटं. तीन. रस्त्यावरून मोटारसायकल गेली, वीस सेकंद वाया. साडेतीन. अकरा बावन्नला निंबाखाली शेठच्या ड्रायव्हरनं गाडी चालू केली. शेठ निघणार तर गाडी थंड असावी, एवढाच त्याचा हेतू. मीटर चोपन्नवर गेला आणि तिथेच बसला.

जीवरामांनी मान वळवली. परकं वाहन आहे असं लिहिता आलं असतं. म्हणजे पुन्हा शेराच.

गौतमचंद शेठनी मीटरकडे पाहिलं, मग गाडीकडे. त्यांनी हात वर केला आणि किल्ली फिरवल्याची खूण केली. इंजिन थांबलं.

"माझी गाडी आमखेडीची नाही," ते पुटपुटले. "उद्या कोणी म्हणायला नको."

चार मिनिटं. पाच. कुठेतरी बकरी ओरडली आणि थांबली. साडेपाच. मग वाट्या भरत आल्या, एक पोरगा खुदकन हसला, बाकीचे हसले, आणि जीवरामांना पुढचं मोजता आलं नाही.

बाराला यंत्रानं आवाज न करता आकडा दिला. चव्वेचाळीस पूर्णांक एक.

त्यांनी तो वाकून, डोळा पडद्याच्या रेषेला आणून वाचला. वहीत लिहिला आणि शेठपुढे सहीसाठी धरला. शेठनी सही केली. मोहिनीबाईंनी आकडा वाचला आणि त्या पायरीवर मटकन बसल्या.

"एवढा आवाज मधे झाला, तरी?" त्यांनी विचारलं. मग जीवरामांनी सहा मिनिटांचं सांगितलं. बाई ऐकत राहिल्या.

"आणि तुम्ही तासभर गप्प उभे होतात," त्या म्हणाल्या. ही स्तुती होती की शिवी, ते जीवरामांना कळलं नाही. बाईंनाही नक्की कळलं नसावं.

मंगळवारी धुळ्याच्या सभागृहात पंख्यांची घरघर होती. शेठ उभे राहिले तेव्हा त्यांचा आवाज नेहमीइतकाच मऊ होता.

"साहेब, कालचा आकडा बरोबर आहे. मी हजर होतो. पण मी जागा घेतली ती ऑक्टोबरच्या आकड्यावर. माणूस तोच, गाव तेच, यंत्र तेच. तेव्हा त्रेपन्न, आता चव्वेचाळीस. मला एवढंच सांगा, मी यांच्या कुठल्या सहीवर विश्वास ठेवायचा? आणि यांची बाकीची सदतीस गावं? तिथे कोण जाऊन आलं?"

प्रश्न रास्त होता. अधिकाऱ्यांनी जीवरामांकडे पाहिलं.

"शेठ बरोबर बोलतात," जीवराम म्हणाले. "ऑक्टोबरात पंचनामे चालू होते. गाव मला पंचनाम्याचा माणूस समजलं, आणि मी विचारलं नाही. यंत्र चुकलं नाही, गावही चुकलं नाही." त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. "मी सगळे शेरे पुन्हा वाचले. अजून सहा गावांत मी उभी इंजिनं लिहिलेली आहेत. ही त्यांची नावं. तीही पुन्हा मोजावीत."

मागच्या रांगेत बसलेल्या मयुरीनं डोळे मिटून घेतले.

निकाल अर्ध्या तासात लागला. आमखेडीचा चौकोन शांत. जिनिंगला तिथे परवानगी नाही. सहा गावं पुन्हा मोजायची, मोजणारा दुसरा. जीवराम फिरके यांना पुढील बिंदू देऊ नयेत, असंही एक वाक्य होतं. कंपनीच्या माणसानं ते सुचवलं होतं आणि त्यालाच ते वाचताना अवघडल्यासारखं झालं.

मोहिनीबाईंना निकालाची प्रत मिळायला वेळ होता, पण त्या थांबल्या नाहीत. तीनची बस चुकली तर बुधवारचा वर्ग उघडायला उशीर होईल, म्हणाल्या. दाराशी त्या वळल्या आणि तिथूनच त्यांनी जीवरामांना हात जोडले.

जीवरामांचं एक काम राहिलं होतं. मूळ नोंदवही टेबलावर उघडी होती आणि रद्द केलेला आकडा ज्याचा त्यानं, सगळ्यांसमोर खोडायचा होता. त्यांनी पेन काढलं.

"दोन रेघा की एक?" त्यांनी लिपिकाला विचारलं.

"एकच मारा, नाना. खालचा आकडा वाचता आला पाहिजे."

जीवरामांनी त्रेपन्न पूर्णांक चारवर एक सरळ रेघ मारली, शेजारी सही केली, तारीख घातली, आणि आकडा अजून वाचता येतो की नाही ते वाकून पाहिलं.